बोट लावून मोजायचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वतःला बदलण्याविषयी एक लेख आला होता. कुठलीही चांगली सवय २१ दिवसांत लागते, फक्त २१ दिवस दम धरा, असं त्यात म्हटलं होतं. माझ्या भाच्याने तो कापून भिंतीवर लावला. रागात तोंडातून शिवी जाते ती बंद करायची, असं त्याने ठरवलं आणि रोज वहीत खूण करू लागला. तेविसाव्या दिवशी शिवी गेली. चोविसाव्या दिवशी वही कपाटात गेली. मला म्हणाला, "मावशी, माझ्यात तेवढा दमच नाही. जित्याची खोड आहे ही."

हे पत्र त्याच्यासाठी आहे. वही मिटून ठेवलेल्या आणखीही कुणाला ते उपयोगी पडलं तर बरंच.

मी ३४ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण सवय माणसाकडून काय करवून घेते आणि कुठे ऐन वेळी हात सोडते, हे मी स्वतःवर पाहिलं आहे. त्या विषयावर मिळेल ते वाचायचा नादही मला बरीच वर्षं आहे.

आधी त्या २१ दिवसांविषयी. हा आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. मॅक्सवेल माल्ट्झ त्यांचं नाव. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. म्हणजे ती गोष्ट बदललेल्या नाकाची सवय होण्याची होती. शिवी सोडण्याशी किंवा खरं बोलण्याशी तिचा संबंध नव्हता, आणि त्यातला 'निदान' हा शब्दही पुढे गळून पडला. सवय जडायला किती दिवस लागतात हे लंडनमधल्या संशोधकांनी खरोखर मोजलं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी कृती निवडली आणि ८४ दिवस रोज ठरलेल्या प्रसंगी ती करायचा प्रयत्न केला. ती आपोआप होऊ लागायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असं त्याच्या आलेखावरून दिसलं. मधला आकडा ६६ निघाला. माझ्या भाच्याने वाचायला हवी अशी गोष्ट पुढेच आहे. एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नव्हता. तेविसाव्या दिवशी त्याचं काहीही बुडालेलं नव्हतं. ते बुडालं असं त्याला छापील अक्षरांत सांगितलं गेलं, म्हणून त्याने वही मिटली.

आता माझं सांगते.

पोटाची शस्त्रक्रिया चालू असताना आतलं रक्त टिपायला जे घडीचे कापडी तुकडे वापरतात त्यांना आम्ही मॉप म्हणतो. रक्ताने भिजलेला मॉप आत आतड्यांच्या घड्यांमध्ये गेला की डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही. तो आत राहिला तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी दोघी परिचारिकांनी मिळून मोठ्याने मोजायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचं आणि कातडी शिवण्याआधी आणखी एकदा. मी नवी लागले तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टरनी तीन महिने माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली. मोजताना प्रत्येक मॉपला बोट लावायचं, आणि बोट जिथे पोचलं तेवढाच आकडा तोंडातून काढायचा. पाच-पाचच्या गठ्ठ्याला बाहेरून बघून "पाच" म्हटलं की त्या सगळा गठ्ठा सोडायला लावत. मला वाटायचं, बाईंचा माझ्यावर विश्वास नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री तातडीची शस्त्रक्रिया आली. चार तासांच्या वर चालली. सगळे दमलेले. पोट बंद करायची वेळ आली आणि सर्जन म्हणाले, "सिस्टर, काउंट?" फळ्यावर २० होते. माझं बोट १९ वर संपलं.

"सर, एक कमी आहे."

"पुन्हा मोजा."

पुन्हा १९. ते म्हणाले, सुरुवातीलाच मोजण्यात चूक झाली असेल, रुग्णाला उगीच जास्त वेळ भुलीखाली ठेवणं धोक्याचं आहे, मी शिवायला घेतो. थिएटरमध्ये कुणी बोलेना. आणि माझ्या तोंडून तिसऱ्यांदा तेच आलं, "सर, एक कमी आहे."

त्यांनी सुई खाली ठेवली, पुन्हा आत हात घातला. प्लीहेच्या बाजूला, अगदी मागे, मॉप होता.

दुसऱ्या दिवशी सहकारी मैत्रिणी म्हणाल्या, केवढं धाडस केलंस. मी मात्र तेव्हापासून आजपर्यंत मनाशी पक्कं जाणून आहे की ते धाडस नव्हतं. माझे पाय लटपटत होते. त्या क्षणी "खरं बोलू की गप्प बसू" असा निर्णय मला घ्यावा लागला असता, तर मी गप्प बसले असते. पण निर्णयाची वेळच आली नाही. बोट पोचेल तेवढाच आकडा बोलायचा, हे मी तोपर्यंत शेकडो वेळा केलं होतं. जिभेला दुसरी वाट ठाऊकच नव्हती. इन्चार्ज सिस्टरनी तीन महिन्यांत मला मोजायला शिकवलं असं मी समजत होते. खरं म्हणजे त्यांनी मला घाबरलेली असतानाही खरं बोलायला शिकवलं होतं, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणावर एक शब्दही न बोलता केलं.

ॲरिस्टॉटलने २,३०० वर्षांपूर्वी नेमकं हेच सांगितलंय, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवता वाजवता वादक होतो, आणि न्यायाची कामं करता करता न्यायी होतो. आधी माणूस चांगला होईल आणि मग चांगलं वागेल, असा क्रम नाही. ग्रीक भाषेत स्वभाव आणि सवय यांचे शब्द जवळजवळ सारखे आहेत, हेही त्याने दाखवून दिलं. आपल्या मराठीत तर एकच शब्द दोन्हीकडे चालतो. अक्षराला वळण असतं आणि माणसालाही वळण असतं. वळण पाटीवर गिरवून लागतं. आणि लागलं की आपण म्हणतो, अंगवळणी पडलं. ते पडतं अंगात, डोक्यात नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही बाई स्वतःच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगते आहे. तसं नाही. जी गोष्ट सांगायला मी कागद घेतला ती पुढे आहे.

त्याच वर्षांत मी घरी रोज खोटं बोलत होते.

मोठं काही नव्हे. ड्युटी संपली की घरी फोन करायचा आणि "निघाले" म्हणायचं. मी निघालेली नसायचे. कपडे बदलायचे असायचे, रजिस्टरवर सही राहिलेली असायची, कुणाशी दोन शब्द बोलायचे असायचे. पुढे "निघाले"चं "निघालेच आहे" झालं आणि मग "पोचतेच". या खोट्यातून मला मिळायचं काय, तर पलीकडची नाराजी दोन मिनिटं पुढे ढकलली जायची. एवढंच.

माझी मुलगी नऊ वर्षांची असेल. एकदा मी घरात शिरताना ती मैत्रिणीला सांगत होती, "आई 'निघाले' म्हणाली ना, की त्याच्यात एक तास मिळवायचा. 'पोचतेच' म्हणाली की अर्धा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वेळापत्रक सांगावं तसं तिने ते सांगितलं. रडली असती, भांडली असती तरी मला इतकं लागलं नसतं. आईच्या शब्दाला किती बट्टा लावून घ्यायचा याचं गणित त्या मुलीने बसवलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं.

मी रात्रभर विचार केला. सर्जनसमोर खोटं बोलायला जिची जीभ वळत नाही तीच बाई स्वतःच्या पोरीशी रोज खोटं कशी बोलते? मी मुळात प्रामाणिक आहे की खोटारडी?

या प्रश्नाचं उत्तर मला पुढे १९२८ सालच्या एका जुन्या अभ्यासात सापडलं. हार्टशोर्न आणि मे या दोन अमेरिकन संशोधकांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत टाकून पाहिलं. परीक्षेत उत्तर बदलायची संधी, खेळात गुण वाढवून सांगायची संधी, पैसे खिशात टाकायची संधी. मुलांचे सरळसरळ प्रामाणिक आणि अप्रामाणिक असे दोन ढीग पडतील अशी कुणाचीही अपेक्षा असेल. तसे पडले नाहीत. परीक्षेत नक्कल करणारं मूल पैशांना हात लावीलच असं नव्हतं, आणि पैसे परत करणारं खेळात खोटं बोलत होतं. नंतरच्या अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा सगळ्या प्रसंगांतून जाणारा एक समान धागा दिसला खरा, पण तो बारीक होता. हे वाचून मला एकाच वेळी लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. माझा प्रामाणिकपणा खोटा नव्हता. तो थिएटरच्या दारापाशी थांबत होता. तो त्या हिरव्या कपड्यांचा होता, त्या फळ्याचा होता, "काउंट?" या प्रश्नाचा होता. फोनपाशी त्याला कुणी कधी नेलंच नव्हतं.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. चांगुलपणा एका जागेवरून दुसऱ्या जागी आपसूक जात नाही. त्याला हाताला धरून न्यावं लागतं, लहान मूल रस्ता ओलांडून न्यावं तसं, प्रत्येक रस्त्याला नव्याने. कामावर शब्दाला पक्का असलेला माणूस घरी शब्द पाळत नाही. परक्यांशी मऊ बोलणारी बाई सुनेशी कडवट बोलते. अशा माणसांना आपण ढोंगी म्हणून मोकळे होतो. त्यांतली काही ढोंगी असतीलही. पण बऱ्याच जणांची सवय फक्त एका खोलीत लागलेली असते, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं.

त्या रात्री मी ठरवलं, यापुढे खोटं बोलायचं नाही. तो संकल्प चार दिवस टिकला. पुन्हा केला, दोन दिवस टिकला. माझ्या मनातली तळमळ खरी होती. तिच्यात मी आजही खोट काढणार नाही. पण फोन हातात घेतला की तोंड आपलं आपण "निघाले" म्हणून मोकळं व्हायचं आणि तळमळ मागाहून जागी व्हायची. मग एक दिवस थिएटरमध्ये मॉप मोजताना डोक्यात आलं, इन्चार्ज सिस्टरनी मला "खोटा काउंट देऊ नकोस" असं कधी सांगितलंच नव्हतं. "बोट लाव" म्हणाल्या होत्या.

तेव्हा फोनपाशी बोट कशाला लावायचं ते मी शोधलं. फोनच्या वर भिंतीवर घड्याळ होतं. मी नियम केला: रिसीव्हरला हात लागला की आधी घड्याळाकडे बघायचं आणि किती वाजले ते मोठ्याने बोलायचं. "सहा वीस झालेत. अजून कपडे बदलायचेत." एवढं तोंडातून गेलं की पुढे "निघाले" म्हणता येत नाही, शब्द अडतोच. दुसरा नियम, खोटं निसटलंच तर त्याच फोनवर, ठेवण्याआधी, दुरुस्त करायचं. "थांब, चुकीचं सांगितलं. अजून निघाले नाही." हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड गेला. कधी कधी ठेवलेला फोन पुन्हा उचलून लावावा लागायचा, आणि पलीकडे मुलगी म्हणायची, "अगं, मला माहीतच होतं."

पीटर गॉल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'अमुक झालं की तमुक करीन' अशा नेमक्या ठरावाची ताकद दाखवून दिली आहे. नुसत्या 'मी अमुक करीन' या इच्छेपेक्षा असा ठराव पुष्कळ जास्त वेळा पार पडतो. मला तेव्हा त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. मला फक्त ते घड्याळ ठाऊक होतं.

खिशातल्या छोट्या वहीत मी खुणा करत असे. चुकलं त्या दिवशी ठिपका, बाकी कोरं. अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिनही असंच करत असे, हे नंतर वाचलं. १३ सद्गुणांची यादी, दर आठवड्याला एकाकडे विशेष लक्ष, आणि चुकेल त्या ठिकाणी काळा ठिपका. व्यवस्थितपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात कोरी जागा शोधावी लागे. तिसऱ्या महिन्यात ठिपके निम्म्यावर आले. मुलीची परीक्षा चालू होती त्या आठवड्यात मी पाच दिवस सलग चुकले. घड्याळ बघायचं आता आठवावं लागत नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा साडेपाच महिने झाले होते. भाच्यासाठी मुद्दाम लिहिते: साडेपाच महिने, आणि ठिपके शंभराच्या पुढे.

घाईची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण वही चाळताना मला दिसलं की जवळजवळ सगळे ठिपके घाईच्या दिवसांचे होते. प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण करायचं होतं, आणि काहींच्या भाषणाचा विषय तर रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूची बोधकथा हा होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मी त्यातून एकच गोष्ट उचलली. ड्युटी संपण्याची वेळ घरी दहा मिनिटं उशिराची सांगायला लागले. माझ्या खरेपणात त्या दहा मिनिटांचा वाटा माझ्या पश्चात्तापापेक्षा मोठा आहे.

उलट दिशेचंही थोडक्यात सांगते. २०१६ साली लंडनमध्ये काही जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलायची संधी दिली. खोटं हळूहळू मोठं होत गेलं आणि मेंदूत भावनेशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद हळूहळू मंदावत गेला. पहिल्या "निघाले"ला माझ्याही छातीत काहीतरी हललं असेल. शंभराव्याला नक्कीच नव्हतं. मन मरतं म्हणतात ते असं मरत असावं, एका फटक्यात नाही.

सवयीवर घेतला जाणारा आक्षेप मला माहीत आहे आणि मी तो गंभीरपणे घेते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने म्हटलं होतं की सवयीने केलेल्या चांगल्या कृत्याचंही नैतिक मोल जातं, कारण तिथे मन मोकळं राहत नाही, कृती विचाराशिवाय नुसती पुन्हा पुन्हा होत राहते. वाचलं तेव्हा राग आला होता. प्लीहेमागचा तो मॉप कुठल्या मोकळ्या मनाने शोधला असता? पण मग मला माझीच दुसरी एक रात्र आठवली.

तोवर माझी वीस वर्षं झाली होती. मी स्वतः नव्या मुलींना बोट लावायला शिकवत होते. कातडी शिवायची वेळ, सर्जनचा प्रश्न, आणि मी म्हटलं, "काउंट बरोबर आहे." माझ्यासोबतची दुसरी परिचारिका, वयाने निम्मी, हळूच म्हणाली, "सिस्टर, शेवटचे पाच आपण मोजले नाहीत." ती बरोबर होती. माझं बोट पंधरावर थांबलं होतं आणि तोंड वीस बोलून बसलं होतं. मोजले, वीसच भरले. कुणाचंही काही बिघडलं नाही. मी मात्र घरी जाऊन झोपू शकले नाही. ज्या सवयीने मला घाबरलेली असताना खरं बोलायला लावलं, त्याच सवयीने मला न घाबरता खोटं बोलायला लावलं होतं. "बरोबर आहे" हे शब्द तोंडात इतके गुळगुळीत झाले होते की त्यांना हात लागेना.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणी यादीचंही असंच होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. कागद तोच, मुद्दे तेच. पण रुग्णाच्या नावाकडे न बघता नुसत्या खुणा करत गेलं तर तो कागद काहीच वाचवत नाही. जपानमधले रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, ती पद्धत मला म्हणून फार शहाणी वाटते. डोळा, बोट आणि जीभ एका जागी आणली की मनाला तिथे यावंच लागतं.

'अभ्यास' या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा पुन्हा करणं असाच आहे. पतंजलींनी तो पक्का होण्याच्या अटी सांगितल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पडता, आणि सत्काराने, म्हणजे आदराने. पहिल्या दोन अटी मी वीस वर्षांत पुऱ्या केल्या होत्या. त्या रात्री तिसरी सुटली होती. कांटला माझं उत्तर असलंच तर एवढं आहे की सवय ही त्या आदरासकट लावता येते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दर काउंटच्या आधी टेबलावरच्या माणसाचं नाव मनात घ्यायचे. रोज वेगळं नाव, त्यामुळे ते गुळगुळीत होत नसे.

मग निवृत्त झाले, आणि थिएटर गेलं.

मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सवयी पाहिल्या. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, दूरचित्रवाणी बघणं. जागा आणि भोवताल बदलला की जुन्या सवयीची पकड सुटत होती. माझंही तेच झालं, आणि ते मला कळलं नाही. थिएटरमध्ये औषधाचं लेबल तीनदा वाचायचं हे माझ्या हाडात होतं: कपाटातून काढताना, भरताना, परत ठेवताना. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी नवऱ्याला त्यांच्या गोळ्या दिल्या. दोन पट्ट्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या. दुपारी पट्टी परत हातात आली तेव्हा दिसलं की रात्रीची गोळी सकाळीच दिली आहे. ३४ वर्षं तीनदा वाचलं, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसासाठी एकदाही वाचलं नाही. ती सवय गणवेशाबरोबर लॉकरमध्ये राहिली होती.

ते खुर्चीत वाचत बसले होते, त्यांना काही त्रास होत नव्हता. रात्री दुसरी गोळी दिली असती तर कुणालाही कधी कळलं नसतं. मी परिचारिका आहे, माझ्यावर घरात कुणी शंका घेत नाही. पट्टी हातात घेऊन उभी होते आणि मी स्वतःला म्हणताना ऐकलं, "बारा चाळीस झालेत. सकाळी मी तुम्हाला चुकीची गोळी दिली."

आधी घड्याळ, मग खरं. फोनपाशी साडेपाच महिने गिरवलेलं वळण.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं, सुदैवाने काही झालं नाही. हे रागावले नाहीत. ते म्हणाले, "उद्यापासून मलाही लेबल वाचून दाखव." तेव्हापासून आम्ही दोघं वाचतो, मोठ्याने, बोट लावून.

संपादक महाशय, एक विनंती आहे. तो २१ दिवसांचा आकडा आपण छापला, तसे १८, ६६ आणि २५४ हेही आकडे छापा, आणि एखादा दिवस चुकला तर काही बुडत नाही हे ठळक अक्षरांत छापा. आपला अंक मुलं वाचतात. ती स्वतःला दमाच्या मापाने मोजतात आणि एका चुकीवर कायमचा शिक्का मारून घेतात.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण मी घरात आता बोलू देत नाही. भाच्याला सांगितलं आहे की 'शिवी बंद' असं नुसतं ठरवू नकोस, राग आला की आधी मूठ टेबलावर ठेव आणि कशाचा राग आलाय ते एका वाक्यात मोठ्याने सांग. त्याने वही पुन्हा काढली आहे. त्याच्या सोबतीला मीही एक काढली. समोरचा बोलत असताना मी मध्येच तोडते, हे मुलीने मला अनेकदा सांगितलं आहे. नियम असा केला आहे की समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. आज एकेचाळिसावा दिवस आहे. काल मुलीचा फोन आला होता. दोनदा तोडलं, दोन्ही वेळा "तू बोल, मी मध्ये आले" म्हटलं. वहीत दोन ठिपके आहेत.

कळावे.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका